सरकून दिलेली जागा



स्मृतिव्याख्यान ही तशी विलक्षण प्रथा आहे. जो माणूस सभागृहात येऊ शकत नाही त्याच्यासाठी समाज वर्षातली एक संध्याकाळ राखून ठेवतो. ही जागा त्या माणसाला स्वतः मिळवता येत नाही, ती इतरांनी द्यावी लागते. माझा आजचा विषय मात्र जिवंत आणि कामावर असलेल्या माणसांचा आहे. संघातले चार जण ऑफिसात बसतात आणि पाचवा शेकडो मैल दूर असतो. तो चाकांवरच्या एका यंत्रातून ऑफिसात वावरतो. वर पडदा, पडद्यावर त्याचा चेहरा, कॅमेरा, माइक आणि खाली मोटार. घरी बसून कीबोर्डवरच्या बाणांनी तो ते चालवतो, सहकाऱ्याच्या टेबलापाशी नेतो, मीटिंग संपल्यावर व्हरांड्यात रेंगाळतो. टेलिप्रेझेन्स रोबो या नावाने ते ओळखले जाते. चित्रपटातल्या रोबोसारखी स्वतःची बुद्धी त्याला नसते. त्याच्यातून बोलतो, बघतो आणि चुकतो तो माणूसच.

या यंत्राची जाहिरात नेहमी स्वातंत्र्याच्या भाषेत होते. दूरच्या माणसाला आता कोणाच्या कॉलची वाट पाहावी लागणार नाही, कॅमेरा वळवून दाखव म्हणून विनवावे लागणार नाही, तो हवा तिथे जाईल, असे सांगितले जाते. मला नेमके याच्या उलट म्हणायचे आहे. हे यंत्र दूरच्या माणसाला जागेवरच्या माणसांच्या हवाली करते, आणि त्याची किंमतही तिथेच आहे. जो संघ त्या परावलंबनाची जबाबदारी उचलतो तिथे साधे यंत्रही पुरते. जो उचलत नाही तिथे उत्तम यंत्रही अपमानाचे साधन बनते. हे केवळ मत म्हणून न मांडता गेल्या काही दशकांतल्या प्रयोगांच्या आणि अनुभवांच्या आधारे तपासून पाहावे, असा माझा प्रयत्न आहे.

सुरुवात थोडी मागून करू. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी यांत्रिक हात तयार केले. जाड संरक्षक भिंतीच्या अलीकडे माणूस आपले हात हलवी आणि पलीकडे यंत्राचे हात तीच हालचाल करीत. तिथे चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बेल कंपनीने पिक्चरफोन मांडला. त्यात चेहरा होता, पण हात नव्हते आणि पायही नव्हते. १९८० मध्ये मार्विन मिन्स्की यांनी 'ऑम्नी' मासिकात टेलिप्रेझेन्सची कल्पना विस्ताराने मांडली, तेव्हा थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला १९७९ चा अपघात ताजा होता. मिन्स्कींचा भर हातांवर होता. धोक्याच्या ठिकाणी माणसाऐवजी त्याचे स्पर्शासह काम करणारे हात जावेत, असे त्यांचे स्वप्न होते. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कले येथे एरिक पॉलोस आणि जॉन कॅनी यांनी इंटरनेटवरून चालणारा, चाकांवरचा फिरता प्रतिनिधी उभा केला. २०१० नंतर अशी यंत्रे बाजारात आली. एनिबॉट्स कंपनीचा क्यूबी सुमारे पंधरा हजार डॉलरला होता. २०१२ मध्ये आलेल्या डबल रोबोटिक्सच्या यंत्रात दोन चाकांवर एक दांडा आणि त्यावर आयपॅड एवढाच संसार होता, आणि त्याची किंमत अडीच हजार डॉलरच्या आसपास होती. त्याच वर्षी बीम नावाचे यंत्र आले. बाजारात आलेल्या या यंत्रांचा सांगाडा एकच. चेहरा आहे, चाके आहेत, हात नाहीत. आर्गोनच्या यंत्राने काम पोचवले आणि माणूस भिंतीआड ठेवला, ऑफिसच्या यंत्राने माणूस पोचवला आणि काम मागे ठेवले. पुढचे सगळे प्रश्न याच एका वैशिष्ट्यातून निघतात.

चेहरा आणि चाके एवढ्यासाठी इतका खटाटोप का, याचे उत्तर अंतराच्या अभ्यासात सापडते. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी संशोधन संस्थांमधल्या अभियंत्यांचा अभ्यास करून १९७७ मध्ये दाखवून दिले की, दोघांची टेबले जसजशी लांब जातात तसतशी त्यांच्यात कामाविषयी बोलणे होण्याची शक्यता झपाट्याने घटते. आणि ही घट शहरे बदलल्यावर सुरू होत नाही, पहिल्या पन्नासएक मीटरांतच ती बहुतेक होऊन जाते. गॅरी आणि ज्युडिथ ऑल्सन यांनी २००० साली, इंटरनेटमुळे अंतर संपल्याच्या घोषणा ऐन भरात असताना, अंतराचा प्रश्न संपलेला नाही असा सविस्तर निष्कर्ष मांडला. एकमेकांत गुंतलेले काम करायचे तर समान संदर्भ लागतात, आणि ते बव्हंशी एकत्र वावरण्यातून साठतात. यातही सगळ्यात अवघड अवस्था असते ती एकट्या पडलेल्या सदस्याची. संघातले सगळेच वेगवेगळ्या गावी असतील तर गैरसोय समान वाटली जाते. सगळे एका खोलीत आणि एकच बाहेर, अशी स्थिती असेल तर खोलीतल्यांना काहीच कमी पडत नाही आणि बाहेरच्याला काय कमी पडते ते त्यांना दिसत नाही. मीटिंगमध्ये घेतलेला निर्णय त्याला ईमेलने कळतो, पण त्या निर्णयाकडे नेणारे चहावरचे बोलणे त्याला कधीच कळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये अशाच संघांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दूरच्या सहकाऱ्यासाठी पडदा, कॅमेरा आणि माइक असलेला एक प्रतिनिधी त्यांनी कंपनीतल्या चार संघांत सहा आठवडे ठेवला. तो दिवसरात्र तिथेच असे आणि स्वतःहून चालत नसे. एवढ्यानेही खोलीतल्यांचे दूरच्या सहकाऱ्याकडे लक्ष वाढले आणि त्यांच्यातला आपलेपणा सुधारला. हा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. ज्याला स्वतः एक पाऊलही टाकता येत नव्हते, त्या यंत्राने अंतर कमी केले. तेव्हा लाभ गतीतून आला असे म्हणता येत नाही. खोलीत त्या माणसाच्या नावाची एक वस्तू कायम उभी होती, ती येता-जाता दिसत होती आणि त्यामुळे त्याला विसरणे अवघड झाले होते.

मग चाके कशाला? याचेही उत्तर आहे. कॅलिफोर्नियातल्या विलो गॅरेज या रोबोटिक्स प्रयोगशाळेतला एक विद्युत अभियंता इंडियाना राज्यातल्या आपल्या घरून काम करीत असे. त्याच्यासाठी २००९ च्या सुमारास टेक्साय नावाचे चालते यंत्र बनले, आणि बीमचा वंश तिथूनच सुरू होतो. मिन क्युंग ली आणि लैला ताकायामा यांनी २०११ मध्ये अशा यंत्रांचा दोन ते अठरा महिने वापर केलेल्या लोकांचा अभ्यास मांडला. चाकांमुळे दूरचे कर्मचारी जवळजवळ प्रत्यक्ष असल्यासारखे वावरू लागले आणि अनौपचारिक बोलणे वाढले, असे त्यांना आढळले. व्हिडिओ कॉल ठरवून करावा लागतो, त्याला विषय आणि वेळ लागते. चाकांवरच्या माणसाला मात्र वाटेत कोणी भेटू शकते, आणि कामाच्या कितीतरी गोष्टी अशा न ठरवलेल्या भेटींत होतात. त्याच अभ्यासात दुसरीही बाजू नोंदली गेली. खोलीतले लोक त्या यंत्राला कधी माणूस मानत आणि कधी वस्तू, आणि या दुहेरीपणातून वागण्याचे नवे नियम घडवावे लागत होते.

आता या आशादायक चित्रासमोर एक अडचणीचा पुरावा ठेवतो. आयरीन रे, बिल्गे मुतलू आणि ताकायामा यांनी २०१४ मध्ये चाळीस जणांवर नियंत्रित प्रयोग केला. काहींना चालणारे यंत्र दिले, काहींना एका जागी उभे असलेले, आणि दूरवरून सहकाऱ्याच्या मदतीने एक जोडणीचे काम पूर्ण करायला सांगितले. यंत्र चालवता आल्याने 'मी तिथे आहे' ही भावना स्पष्टपणे वाढली. कामाची कामगिरी मात्र घसरली. कारण समजण्यासारखे आहे. खुर्चीला धक्का लागू नये, दारात अडकू नये, कॅमेऱ्याच्या अरुंद चौकटीतून खोलीचा अंदाज यावा, हे सांभाळण्यात दूरच्या माणसाचे लक्ष खर्च होते. ऑफिसातला माणूस चालताना चालण्याचा विचार करीत नाही, यंत्रातला माणूस तो सतत करतो. म्हणजे कार्यक्षमतेच्या हिशेबाने हे यंत्र घेणाऱ्या कंपनीची निराशा होण्याची शक्यता बरीच आहे. ते विकत घ्यायचे तर आपलेपणासाठी, आणि आपलेपणाचा हिशेब एकट्या चालकाच्या भावनेवर करून भागत नाही. मी तिथे आहे असे मला कितीही वाटले, तरी तिथल्यांनी मला धरले नाही तर मी तिथे नसतो.

हे धरणे म्हणजे काय ते बघण्यासाठी यंत्राच्या रोजच्या फजितीकडे वळू. त्याला दार उघडता येत नाही. लिफ्टचे बटण दाबता येत नाही. वायफायचा कोपरा कच्चा लागला की ते मध्येच थिजते. कोणी व्हरांड्यात खोके ठेवले की वाट बंद. बॅटरी संपत आली आणि चार्जिंगच्या जागेपर्यंत पोचता आले नाही तर कोणीतरी ढकलत न्यावे लागते. अँड्रियाना बुदुराकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दूरचा एक आणि जागेवरचा एक अशा जोड्यांचे व्हिडिओ बारकाईने तपासले, तेव्हा मदत थेट मागण्याऐवजी सुचवून मिळवण्याकडे कल दिसला. इथे दोघांची स्थिती मुळातच विषम असते. दूरच्या माणसाला काय दिसते आहे ते जवळच्याला कळत नाही, त्यामुळे नुसत्या इशाऱ्यावर मदत येतेच असे नाही. तंत्रज्ञ या परावलंबनाला दोष मानतात आणि पुढच्या आवृत्तीत तो दूर करू म्हणतात. मला यात दोषाइतकाच गुण दिसतो. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट असते, ती कारखान्यात बनत नाही. बसलेले तिघे थोडे सरकतात तेव्हा ती तयार होते, आणि नाही सरकले तर ती नसते. यंत्रातल्या सहकाऱ्याची ऑफिसातली जागा याच जातीची आहे. कोणी दार धरले, कोणी खोके बाजूला केले, कोणी मीटिंगमधली एक खुर्ची उचलून यंत्राला टेबलाजवळ जागा केली, की त्या प्रत्येक कृतीतून तो आपल्यात आहे हे खोली स्वतःलाच सांगत असते.

याला प्रयोगाचा आधार आहे. रे, ताकायामा आणि मुतलू यांच्या २०१२ च्या एका प्रयोगात चाळीस जणांना यंत्रातल्या जोडीदाराबरोबर काम दिले होते. संशोधकांना दोन उपाय तपासायचे होते. एक, यंत्र सजवणे. दोन, दोघांचे गुण एकत्र मोजले जातील असे सांगून त्यांना एकमेकांवर अवलंबून करणे. दोन्हींमुळे जवळीक वाढेल अशी त्यांची अपेक्षा होती. एकत्र गुणांमुळे संघभावना वाढली, सजावटीमुळे मात्र ती उलट कमी झाली. रोबोला टोपी घालणे, गळ्यात ओळखपत्र अडकवणे, त्याचे बारसे करणे हे ऑफिसातले लाडके उपक्रम असतात. त्यांतून करमणूक होते, पण सहकारी तयार होईल याची खात्री देता येत नाही. तुझ्या यशात माझा वाटा आणि माझ्या अपयशात तुझा, ही व्यवस्था खोलीतल्या माणसाला सरकायला लावते.

अवलंबून असणे आणि मिंधे असणे यांत मात्र फरक आहे, आणि तो राखायला नियम लागतात. पडद्यावरच्या माणसाला आपला आवाज खोलीत किती मोठा पोचतो ते कळत नाही. मग शेजारचा येऊन न विचारता स्पीकर बारीक करतो. समोर माणूस बोलत असता तर आपण त्याच्या तोंडावर हात ठेवला असता का? यंत्राच्या पायथ्यावर पाय टेकून बसणे, नको त्या वेळी ते उचलून कोपऱ्यात ठेवणे, हे सगळे त्याच प्रकारात मोडते. उंचीचेही तसेच. रे, ताकायामा आणि मुतलू यांच्याच २०१३ च्या प्रयोगात यंत्राची उंची बदलून पाहिली. दूरचा माणूस नेत्याच्या भूमिकेत असताना यंत्र समोरच्यापेक्षा बुटके असले, तर त्याचे म्हणणे कमी पटत असे. म्हणजे कारखान्यात ठरलेला दांडा किती सेंटिमीटरचा, यावर एखाद्या प्रमुखाच्या शब्दाचे वजन ठरू शकते. प्रत्यक्ष देहाच्या बाबतीत समाजाने शतकानुशतके शिष्टाचार घडवले आहेत. या उसन्या देहासाठी ते नव्याने ठरवावे लागतील, आणि ते ठरवण्याचा अधिकार फक्त खोलीतल्यांकडे ठेवून चालणार नाही.

व्यवस्था नीट बांधली तर किती थोड्या यंत्रावर भागते, याचे उदाहरण टोकियोत आहे. केंतारो योशिफुजी यांच्या ओरी लॅबोरेटरीने ओरिहिमे नावाचा छोटा रोबो बनवला. टेबलावर मावेल एवढा, पडदा नाही, चालकाचा चेहरा दिसत नाही. मुखवट्यासारखा स्थिर चेहरा, हलणारे छोटे पंख आणि आवाज, बस. पुढे त्यांनी १२० सेंटिमीटर उंचीचा, ट्रे नेऊ शकणारा ओरिहिमे-डी तयार केला. २०१८ च्या अखेरीस काही दिवसांचा प्रायोगिक कॅफे आणि २०२१ पासून निहोनबाशी भागात डॉन नावाचा कायमचा कॅफे त्यांनी चालवला. स्नायूंच्या किंवा मज्जासंस्थेच्या गंभीर आजारांमुळे घराबाहेर पडू न शकणारी माणसे तिथे या यंत्रांतून पाहुण्यांचे स्वागत करतात, ऑर्डर घेतात, गप्पा मारतात. काही जण तर केवळ डोळ्यांच्या हालचालीने यंत्र चालवतात. गती, चित्र, चेहरा या प्रत्येक निकषावर हे यंत्र अमेरिकी यंत्रांपेक्षा कमी भरेल. तरी ते टिकले. जागा, कामाची वाटणी, सोबतचे प्रत्यक्ष कर्मचारी आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाची अपेक्षा, सगळे त्या दूरच्या माणसांना मध्यावर ठेवून रचले गेले आहे. तिथे यंत्रातला माणूस अपवाद नाही, त्याच्यासाठीच खोली आहे.

याच्या उलट टोकाला मार्च २०१९ मधली कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची घटना आहे. एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ७८ वर्षांच्या रुग्णाला आता फार काळ उरला नाही, ही बातमी डॉक्टरांनी चाकांवरच्या पडद्यातून दिली. रुग्णाला एका कानाने कमी ऐकू येत होते, यंत्र पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नव्हते, आणि डॉक्टरांचे शब्द त्याच्यापर्यंत पोचवायचे काम शेजारी असलेल्या नातीला करावे लागले. कुटुंबाचा संताप जगभर गेला आणि रुग्णालयाला खेद व्यक्त करावा लागला. यंत्र सदोष नव्हते, चित्र दिसत होते, आवाज येत होता. चुकले ते एवढेच की, यंत्राची उणीव भरून काढण्याची जबाबदारी संस्थेच्या बाजूने कोणी उचलली नाही, म्हणून ती सगळ्यात दुबळ्या बाजूवर येऊन पडली. पुढच्याच वर्षी करोनाच्या साथीत कल्याणच्या डिझेल लोको शेडने 'रक्षक' नावाचे दूरनियंत्रित यंत्र बनवले. भायखळ्याच्या रेल्वे रुग्णालयासाठीच्या या यंत्रात डॉक्टर आणि रुग्ण यांच्या दुहेरी व्हिडिओ संभाषणाची सोय होती. वरवर पाहता व्यवस्था तीच, डॉक्टर पडद्यावर आणि रुग्ण पलंगावर. पण इथे अंतराचे कारण दोन्ही बाजूंना ठाऊक होते आणि ते दोघांच्याही हिताचे होते. कारण सामाईक असले की अंतर सोसवते. ते एकाच बाजूच्या सोयीचे असले की तेच अंतर उपेक्षा वाटू लागते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. ही यंत्रे चालली असती तर आज प्रत्येक ऑफिसात दिसली असती. विलो गॅरेज २०१४ मध्ये बंद झाली, बीम २०१९ मध्ये डेन्मार्कच्या ब्लू ओशन रोबोटिक्सकडे गेले, आणि २०२० नंतर तर सगळे जगच व्हिडिओ कॉलवर आले. मग हा विषय जुना झाला नाही का? साथीच्या काळात सगळेच चौकटीत होते आणि चौकटी समान होत्या, त्या समतेत यंत्राची गरज नव्हती हे मला मान्य आहे. पण आता काही लोक ऑफिसात परतले आहेत आणि काही घरी आहेत. खोलीतल्या सहांसाठी एक कॅमेरा आणि घरच्या तिघांसाठी भिंतीवर तीन चौकटी, ही अवस्था पूर्वीच्या एकट्या सदस्याच्या अवस्थेहून फार वेगळी नाही. यंत्र खपले नाही हे खरे. त्यातून प्रश्न सुटला असे मात्र सिद्ध होत नाही. यंत्र विकत घेतले की काम झाले असे मानणाऱ्या ऑफिसांत ते धूळ खात पडले, तर त्यात नवल नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फिरता कॅमेरा म्हणजे फिरती पाळत. बाहेरगावच्या साहेबाला टेबलाटेबलावरून फिरायला हे उत्तम साधन आहे, ही भीती रास्त आहे, आणि चेहरा दिसतो एवढ्याने ती जात नाही. कारण पडद्यावरच्या माणसाच्या मागे त्याच्या खोलीत आणखी कोण बसले आहे, संभाषण साठवले जाते आहे का, हे समोरच्याला कळत नाही. इथे माझा युक्तिवाद उलट दिशेनेही लागू करावा लागतो. खोलीने दूरच्या माणसाला जागा द्यायची तर दूरच्या माणसानेही स्वतःला खोलीच्या नजरेत ठेवले पाहिजे. पलीकडे कोण आहे ते सांगणे, चित्रण न करणे, न बोलावता कोणाच्या पाठीमागे जाऊन उभे न राहणे ही बंधने त्याच्यावर हवीत. एखादी कंपनी ही बंधने पाळणार नसेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यांनी या यंत्राला विरोध करणेच योग्य.

तिसरा आक्षेप हात येतील असे म्हणणाऱ्यांचा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लाँग बीच येथे झालेल्या ॲना अवतार एक्सप्राइझ स्पर्धेच्या अंतिम फेरीत बॉन विद्यापीठाच्या निम्ब्रो संघाने बाजी मारली. एकूण एक कोटी डॉलर बक्षिसाच्या त्या स्पर्धेतल्या यंत्रांना हात होते आणि वस्तूचा स्पर्श दूरच्या माणसापर्यंत पोचवण्याची सोयही होती. मिन्स्कींचे स्वप्न असे जवळ येते आहे. मग मदतीची गरजच संपेल आणि तुमचा युक्तिवादही, असे कोणी म्हणेल. दार उघडण्यापुरती गरज संपेल, हे कबूल. पण जी माणसे देहानिशी ऑफिसात असतात, ज्यांना दोन्ही हात आहेत, त्यांनाही खोलीत स्थान आपोआप मिळत नाही, हे नव्याने रुजू झालेल्या कोणालाही ठाऊक आहे. हात आल्याने नवे प्रश्न येतील. दुसऱ्या शहरातून आलेला यांत्रिक हात माझ्या टेबलावरच्या फाइलीला लागला तर जबाबदार कोण?

चौथा आक्षेप आपल्या अंगणातला आहे. हे सगळे श्रीमंत देशांचे कौतुक, आपल्या कामाशी त्याचा काय संबंध? संबंध दोन ठिकाणी आहे. पुण्यातल्या हिंजवडीत बसून कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाचे काम करणारे हजारो मराठी अभियंते ऑनसाइट आणि ऑफशोअर ही विभागणी रोज जगतात. ग्राहकाच्या खोलीत बसलेला मूठभर गट आणि आवाजापुरता हजर असलेला मोठा गट, ही एकट्या सदस्याच्या प्रश्नाचीच विस्तारलेली आवृत्ती आहे. इथे यंत्राची मर्यादाही कळते. यंत्र अंतर कमी करते, घड्याळ बदलत नाही. कॅलिफोर्नियातला सकाळचा व्हरांडा गाठायचा तर पुण्यातल्या माणसाला रात्र द्यावी लागते. म्हणून हजेरीची सोय करताना रात्र कोणाची जाते, हा प्रश्न यंत्राच्या किमतीइतकाच मोजला पाहिजे. दुसरा संबंध दिव्यांगांच्या हक्कांचा. यंत्र दिले म्हणजे रॅम्प बांधायला नको, अशी पळवाट शोधली जाईल ही भीती खरी आहे. पण या यंत्राला पायऱ्या चढता येत नाहीत, जड दार ढकलता येत नाही, आणि त्याला लागणारी सपाट, रुंद, अडथळे नसलेली वाट तीच असते जी व्हीलचेअरला लागते. ज्या इमारतीत यंत्र फिरू शकत नाही, तिने दिव्यांग माणसाला आधीच बाहेर ठेवलेले असते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाजवी सोयी पुरवण्याचे तत्त्व मान्य केले आहे. त्या तत्त्वाच्या चौकटीत दूरस्थ हजेरी हा कर्मचाऱ्याच्या निवडीचा एक पर्याय असावा, मालकाच्या सुटकेचा मार्ग नव्हे.

या साऱ्यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. यंत्राइतकीच त्याच्या देखभालीची जबाबदारी जागेवरच्या एका ठरलेल्या माणसाच्या कामात मोजली जावी, ती कोणाच्या तरी भलेपणावर सोडू नये. न विचारता आवाज कमी करू नये, यंत्र हलवू नये, बंद करू नये. भूमिकेला साजेशी उंची ठेवता यावी. दूरच्या आणि जवळच्या सदस्यांचे मूल्यमापन निदान काही प्रमाणात एकत्र व्हावे. नोकरीवरून काढणे, गंभीर निदान सांगणे यांसारख्या गोष्टी ऐकणाऱ्याने स्वतः निवडल्याशिवाय पडद्यातून होऊ नयेत. आणि हे नियम ठरवताना दूरचा माणूस टेबलाशी असावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. लागतो तो खोलीतल्या माणसांचा थोडा वेळ आणि थोडी गैरसोय, आणि नेमकी तीच खर्चाच्या पत्रकात कुठे लिहिलेली नसते.

म्हणून कोणतीही संस्था असे यंत्र घेण्याचा विचार करील तेव्हा तिने पहिला प्रश्न दूरच्या कर्मचाऱ्याला विचारू नये. तुला काय हवे, याचे उत्तर तो देईलच. प्रश्न विचारायचा तो जे आधीच खोलीत बसले आहेत त्यांना: तुम्ही काय सोडायला तयार आहात? आपल्यातल्या आपल्यात निर्णय घेण्याची सवय, मीटिंग संपल्यावरच्या कुजबुजीतली सत्ता, आपल्या वेळेनुसार सगळे ठरवण्याची मुभा, यांतले काही सोडायची त्यांची तयारी नसेल, तर स्वस्तातले यंत्रही महाग पडेल. तयारी असेल तर हालचाल नसलेला एक पडदाही पुष्कळ काम करील. कामाच्या जागी हजर राहणे हा माणसाचा हक्क मानायचा असेल, तर त्या हक्काची किंमत दूर असलेल्याकडून वसूल करून चालणार नाही. ती, हजर असण्याचे सगळे फायदे ज्यांना आयते मिळतात, त्यांनीच भरायला हवी.